डाव्या खोक्याची तजवीज

मी, खाली सही करणारा, वय सत्तेचाळीस, विमा कंपनीत दावे तपासण्याची नोकरी, राहणार याच घरात, असं लिहून ठेवतो की हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, म्हणून तर लिहायला बसलो. उद्या मला दाखल करून घेतील. परवा डॉक्टर छाती उघडतील, आतली एक झडप दुरुस्त करतील आणि हाड तारेने बांधून परत मिटवतील. "काळजीचं कारण नाही, आम्ही हे रोज करतो," असं ते म्हणाले. रोज करणाऱ्यांच्या हातून काय काय होतं, ते तपासण्याचाच माझा पगार आहे.

हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. भाग पाडलंच असेल तर न लिहायला. बायको सकाळपासून दारात येऊन म्हणते आहे, "असलं अभद्र काही लिहू नका हो." मी म्हटलं, कागद नसला की मागची माणसं भांडतात. त्यावर ती म्हणाली, "आपल्याकडे भांडायला उरलंय कोण? एक भाऊजी होते, तेही तुम्ही घालवलेत."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. तिला सख्खं म्हणावं असं तेवढं एकच घर आहे, आणि त्या घराचं या घराशी येणंजाणं दोन वर्षं बंद आहे. बहिणी बहिणी बाहेर भेटतात, बागेत किंवा दवाखान्याच्या रांगेत, जणू चोरून. माझं काही बरंवाईट झालं तर या दोघी, म्हणजे बायको आणि मुलगी, कुणाच्या दाराशी जातील, हा एकच प्रश्न मला गेले काही दिवस छळतो आहे. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. मात्र आधी घर, मग बाकीचं, असा क्रम वकीलबाईंनी घालून दिला आहे आणि क्रम मोडण्याचं धाडस मी आयुष्यात केलेलं नाही.

सर्वांची पूर्ण नावं आणि पत्ते सोबतच्या कागदावर आहेत. इथे मी प्रत्येकाला ज्या नावाने हाक मारतो तेच लिहितो, नाहीतर मला लिहिताच येणार नाही.

कलम १. घर बायकोला. संपूर्ण, विनाअट. न्हाणीघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ढकलायची असते. ती नुसती ढकलते आणि मग लागत नाही म्हणून माझ्या नावाने बोटं मोडते. कडी दुरुस्त करून देईन असं मी लग्नानंतर लगेच म्हणालो होतो. घराबरोबर हे आश्वासनही तिच्याकडे जातं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते निम्मं बायकोला, निम्मं मुंगीला. मुंगी म्हणजे माझी मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. लहानपणी साखरेच्या डब्यात सापडायची म्हणून मुंगी. पैसा शिक्षणालाच वापरावा अशी अट मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. शिक्षण कशाला म्हणायचं हे ठरवायला मी तिथे नसेन, आणि असतो तरी चुकीचंच ठरवलं असतं, असं तिचं मत आहे. ते तिने बोलून दाखवलं आहे.

कलम ३. माझ्या डायऱ्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. त्यात गुपित वगैरे काही नाही. हवामान, पोटाच्या तक्रारी आणि आपण योग्य वागलो का याच्या लांबलचक चौकशा आहेत, ज्यांचा निकाल एकदाही लागलेला नाही. रद्दीत घालाव्यात. कुणाला वाचायच्याच असतील तर बसून वाचाव्यात, उभ्याने वाचल्या तर पाय दुखतील.

कलम ४. ड्रिल मशीन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. मी आवाजाचं काही करायला लागलो की ते काठीने जमीन ठोकतात. एकदा त्यांनी हेच ड्रिल मागून नेलं आणि टोक मोडून परत आणलं. म्हणाले, "तुमची भिंत नाजूक दिसते." भिंत त्यांची होती. ड्रिल त्यांना मोडक्या टोकासह मिळेल. हा सूड आहे का, यावर मी विचार केला. आहे. राहू दे.

कलम ५. लाकूड दाबून धरायचे चारही क्लॅम्प मी खालच्या औषधवाल्यांना देणार होतो, कारण त्यांना ते फार आवडायचे. पण ते या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीला सही करू नये, असा वकीलबाईंचा दंडक आहे. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सही करायची आणि मिळायचं काहीच नाही?"

मी म्हटलं, "काही न मिळणं हीच तर पात्रता."

"मग तर माझ्याइतका लायक माणूस गावात सापडायचा नाही," असं म्हणून ते तयार झाले. दुसरे साक्षीदार म्हणून माझ्या ऑफिसातले सहकारी दुपारी येणार आहेत. क्लॅम्प मुंगीला.

कलम ६. ऑफिसमधल्या माझ्या टेबलाच्या खणात काही नाही. साहेबांनी शोधू नये.

कलम ७. आता खोका.

माझ्याकडे लाउडस्पीकरचा एक खोका आहे, प्लायवूडचा, घरी केलेला. तो मागच्या खोलीत खिडकीच्या डाव्या हाताला उभा असतो. जोडीतला उजवा साडूभाऊंकडे आहे. ही जोडी आम्ही दोघांनी मिळून याच खोलीत केली. साडूभाऊ गाडी शिकवण्याची शाळा चालवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुकांना ब्रेक मारायचा आणि संध्याकाळी इथे येऊन माझ्या शंकांना. मी मापं काढायचो, ते कापायचे. मी पुन्हा मोजायचो, ते म्हणायचे, "अहो साडूभाऊ, लाकूड आहे ते, दावा नाही. मंजूर करा आता."

ज्यांनी असं काही केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर भांडण समजणार नाही. खोक्यात स्पीकर वाजायला लागला की फक्त त्याचा पडदा हलत नाही, खोक्याच्या भिंतीही थरथरतात आणि आपला स्वतःचा आवाज गाण्यात मिसळतात. तो नको असतो. म्हणून आतून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एक आडवी फळी बसवतात. हवा खेळावी म्हणून तिला मधे मोठं भोक ठेवतात. बाहेरून ती कधीच दिसत नाही. साडूभाऊ तिला फासळी म्हणायचे. फळी बरोबर मध्यावर बसवली तर भिंतीचे दोन सारखे भाग होतात आणि दोन्ही भाग एकाच सुरात थरथरतात. जराशी बाजूला सरकवली की प्रत्येक भागाचा सूर वेगळा पडतो आणि कुणाचाच फार वाढत नाही. साडूभाऊंना मध्य हवा होता. "मध्यावर दिसायला बरं," असं ते म्हणाले. मी म्हटलं, दिसणार कुणाला आहे? तो वाद मी जिंकलो. जिंकलेले वाद माझ्या खाती फार नाहीत, म्हणून हा लक्षात आहे.

उजव्या खोक्यात गोंद ओला असताना एक क्लॅम्प घसरला आणि फळी बोटभर वर सरकून चिकटली. आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नाही. कळलं ते शेवटच्या दिवशी. मेव्हणीचा वाढदिवस आमच्याच घरी होता, घरभर पाहुणे, आणि आमच्या जोडीचं पहिलं गाणं वाजायचं होतं. मी वायर आणायला खाली गेलो. साडूभाऊंनी वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, खोक्याच्या समोरच्या भिंतीतल्या भोकात बसवायला घेतला तर त्याच्या पाठीवरचं मॅग्नेट फळीला अडलं. वूफर बसेना. तेव्हा त्यांनी भोकातून हात घालून करवतीच्या पात्याने फळी एका बाजूने कापून टाकली आणि वूफर बसवून मोकळे झाले. मला बोलले नाहीत, हे सगळं मागाहून मेव्हणीकडून बायकोला आणि बायकोकडून मला कळलं. एका बाजूने लोंबणारी फळी ही फळी नसण्यापेक्षा वाईट, कारण भिंत धरायची सोडून ती स्वतःच हलायला लागते.

गाणं लागलं. खालच्या सुरांत उजवीकडून एक बारीक भणभण येत होती. मी उठलो आणि बोटांच्या पेरांनी दोन्ही खोके ठोकून बघितले. डावा ठक् बोलला, उजवा डब् बोलला. मी म्हणालो, "हा पोकळ आहे."

पाहुणे हसले. ते का हसले मला आजही कळलेलं नाही. साडूभाऊंचे दोन विद्यार्थीही आले होते, तेही हसले.

"कलिंगड आहे का ते ठोकून बघायला?" साडूभाऊ म्हणाले.

"फळी कापलीत तुम्ही?"

"मग काय करू? मॅग्नेट बसत नव्हतं. भिंत फोडू?"

"विचारायचं तरी."

"पाहुणे बसलेत गाणं ऐकायला आणि मी तुमची वाट बघत बसू? तुम्ही वर आलात की आधी तीनदा मोजणार, मग डायरीत लिहिणार, मग हो म्हणणार."

मेव्हणी म्हणाली, "अहो, केक कापायचाय." साडूभाऊंनी वायर ओढून काढली, खोका काखेत मारला आणि दारात वळून म्हणाले, "नासकं आमच्याकडे, गोड तुम्हाला. बसा खात." केक तसाच राहिला. तो नंतर मुंगीने खाल्ला.

यावर मी खूप विचार केला आहे. भणभण मला खरंच ऐकू आली होती, की आधी बोटांना कळलं आणि मग कानांना ऐकू आली, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. क्रम तसा नव्हता, आधी गाणं होतं, मग ठोकणं. तरीही आठवणीत आता ते उलटसुलट होतं. पण एक म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. मिळून केलेल्या वस्तूच्या आतलं काही कापायचं असेल तर दुसऱ्याला विचारावं. एवढंच. ते माणूस म्हणून लाख आहेत. मुंगीला ताप चढला होता तेव्हा भर वाहतुकीत शिकवायच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे ब्रेक विसरून त्यांनी गाडी हाकली होती. म्हणूनच विचारायला हवं होतं. परक्याने कापली असती तर मी गप्प बसलो असतो.

त्या दिवसापासून मी एकाच खोक्यावर ऐकतो. डावा आणि उजवा दोन्ही आवाज एकत्र करून एकात सोडले आहेत. सगळं ऐकू येतं, कमी काहीच नाही, फक्त सगळे वादक एकाच खुर्चीत बसल्यासारखे वाटतात. दमायला होतं.

तर डावा खोका, आतल्या धडधाकट फळीसह, साडूभाऊंना. त्यांच्याकडे जोडी पुरी होईल. बदल्यात काही मागत नाही, अट घालत नाही. पण खोका जड आहे, तो न्यायला त्यांना इथे यावं लागेल. आल्यावर बायको त्यांना बसा म्हणेल. ते बसतील. पुढचं त्या दोघी बहिणी बघून घेतील.

कलम ८. खोक्यावर ठेवलेल्या कागदी पिशवीत सागवानाचे दोन तुकडे आहेत, पाचरीसारखे तिरपे कापलेले. हे साडूभाऊंना, उजव्या खोक्यासाठी. खोका न फोडता, वूफर काढून त्याच्या भोकातून दोन्ही तुकडे आत घालावेत, तिरप्या बाजू एकमेकींवर ठेवून सरकवाव्यात म्हणजे जोड लांब होत जातो आणि दोन्ही भिंतींना टेकतो. टेकला की थांबावं. जास्त ठोकलं तर भिंत बाहेर फुगते आणि धरायला घातलेला टेकूच तिला ताणत बसतो. गोंद दोन्हीकडे लावावा. अर्धवट कापलेली फळी आधी काढून टाकावी. हे तुकडे कितीदा केले आणि कितीदा फेकले ते सांगत नाही. आत्ताचे बरोबर आहेत, माझ्या मते.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं होतं. पुढचं त्याच दिवशी संध्याकाळी लिहितो आहे, आणि ते का लिहावं लागलं हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

दुपारी ऑफिसातल्या सहकाऱ्यांचा फोन आला की तपासणीचे लोक आले आहेत, निघता येत नाही. औषधवाले दुकान बंद करून येऊन बसले होते. साक्षीदार दोन लागतात आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही व्हावी लागते. मी म्हटलं, राहू दे, इस्पितळात बघू. तेवढ्यात बेल वाजली. दारात साडूभाऊ.

माझ्याकडे न बघता ते बायकोला म्हणाले, "मुंगीचा फोन होता. कसली तरी सही हवीय म्हणे. कुठे करायची?"

मी मुंगीकडे बघितलं. ती म्हणाली, "काय? तुम्हाला माणूस हवा होता ना?"

"यांची सही चालणार नाही," मी म्हणालो.

"का? दोन वर्षांत माझी सहीही पोकळ झाली?"

"तसं नाही. तुम्ही यात आहात. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. मी बारीक झालो आहे, हे त्यांना त्या वेळी दिसलं असावं, कारण ते खुर्ची ओढून बसले. "मी यात आहे? मला काय देताय?"

"डावा खोका."

"मेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे, साडूभाऊ. त्यात तसंच असतं."

"तुमचं सगळंच क्रमाने." त्यांनी कागद ओढून घेतला आणि सातवं कलम वाचलं. मधे एकदा "खोटं आहे, विद्यार्थी एकच होता" असं म्हणाले. आठवं कलम वाचून त्यांनी पिशवीतले तुकडे काढले, तिरप्या बाजू एकमेकींवर सरकवून बघितल्या आणि हसायला लागले. आधी थोडं, मग खोकला येईपर्यंत.

"अहो, टेकू कधीच बसवला मी! दुसऱ्याच आठवड्यात. फरशी पुसायच्या काठीचा तुकडा कापला आणि दिला ठोकून. तुमची मेव्हणी अजून शोधतेय तिची काठी."

"म्हणजे खोका नीट आहे?"

"ठणठणीत."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत?"

औषधवाले म्हणाले, "म्हणजे दोघांकडे एकेक चांगला खोका, आणि दोघे दोन वर्षं एकेका कानाने ऐकताय?" मला हसूही आलं नाही, इतका थकवा आला. दोन वर्षं म्हणजे किती गाणी, याचा हिशोब मी करायला घेतला आणि सोडून दिला.

"कुठे आहे तो?" मी विचारलं.

"खाली. गाडीत. तुमच्या झडपेचं कानावर आलं तेव्हापासून घेऊन फिरतोय. या गल्लीत तीनदा आलो आणि रिव्हर्स शिकवून परत गेलो. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलाय. शिकणारे विचारतात, सर, मागे कोण? मी म्हणतो, माझा साडू. बोलत नाही, पण ब्रेक लागला की पुढे येतो."

बायको स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मला जड उचलायची मनाई आहे. साडूभाऊंनी आणि मुंगीने खोका वर आणला आणि खिडकीच्या उजव्या हाताला ठेवला. वायर मी जोडली, तेवढी परवानगी आहे. साडूभाऊ म्हणाले, "ठोकून बघा की." मी नको म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याच पेरांनी ठोकला. ठक्. मग गाणं लावलं. गाणारी बाई दोन खोक्यांच्या मधे, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे उभी राहिली. वरच्यांनी काठी आपटली. कुणी आवाज कमी केला नाही.

त्यानंतर साडूभाऊ म्हणाले, "आता ते माझं कलम खोडा. मला काही नको. साक्षीला मी बसतो."

"पण खोका..."

"खोका इथेच आहे. मी येईन ना ऐकायला. की त्यालाही कलम लागतं?"

म्हणून:

कलम ७ आणि ८ रद्द. दोन्ही मी आडव्या रेघेने खोडली आहेत आणि समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. रेघेखालचा मजकूर वाचता यावा अशीच ती मारली आहे.

कलम ९. दोन्ही खोके मुंगीला. ते वेगळे करू नयेत. सागवानाचे तुकडे दाराखाली पाचर म्हणून वापरावेत, दार उघडं ठेवायला.

कलम १०. माझ्या साडूंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाचा, छान वाटतं."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, शंका असलेल्या जागी पुन्हा वाचला, आणि तो मला मान्य आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे कागद बंद करत आलो. आज माझा करतो.

स्थळ: घरची मागची खोली, दोन्ही खोक्यांच्या मधे
दिनांक: दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी

लिहून ठेवणारा: (सही) मुंगीचे बाबा

साक्षीदार १: (सही) खालचे औषधवाले. यांनी माझ्यासमोर सही केली. मला काही मिळालेलं नाही. क्लॅम्प चांगले होते.

साक्षीदार २: (सही) साडू. यांनी माझ्यासमोर सही केली. डोकं ठिकाणावर आहे, नेहमीइतकंच किचकट. साक्षीदाराने असं लिहायचं नसतं असं औषधवाले म्हणतायत, तरी लिहितो. परवा मी आधीच जाऊन डॉक्टरांच्या दाराशी उभा राहणार आहे. त्यांना सांगणार आहे की आतलं काही कापायचं असलं, तर आधी बाहेर येऊन साडूला विचारायचं.